चमचाभर विरजण

दुपारी साडेतीनच्या सुमाराला, चहाचं आधण ठेवायच्या जरा आधी बेल वाजते आणि दारात कुणीतरी वाटी घेऊन उभं असतं. वाटीच्या आकारावरूनच काम कळतं. साखरेची वाटी मोठी असते, कोथिंबिरीला वाटीच नसते. भातुकलीतली म्हणून खपेल एवढीशी वाटी दिसली, की घरातली बाई काही न विचारता फ्रिजकडे वळते.

उसने पैसे मागताना घसा खाकरावा लागतो. साखर मागतानाही ‘आत्ताच संपली बघा’ एवढं तरी म्हणावं लागतं. विरजणाला प्रस्तावना लागत नाही. मुलांनी शेवटचा चमचा पोळीशी खाल्ला, बाजूला काढून ठेवायचं राहिलं, ही चूक तीन बेडरूमच्या घरातही होते आणि दहा बाय दहाच्या खोलीतही. शिवाय देणाऱ्याचं काही कमी होत नाही. चमचाभर दिलं, उद्या त्यांच्याकडे अर्धा लिटर, आपल्याकडेही अर्धा लिटर. असं दुसरं उसनं आठवून पाहावं, सापडायचं नाही.

पुरुषांना मात्र हे मागता येत नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये स्पर्धा परीक्षेची चार पोरं राहत असतात, त्यातला एक ‘काकू, थोडं दही मिळेल?’ म्हणत भाजीचं पातेलं घेऊन येतो. त्याच्या तळाशी चमचाभरच दही पडलेलं पाहून त्याचा चेहरा पडतो. मग काकू, ज्यांनी या पोरांच्या आडनावांची आणि रात्रीच्या गाण्यांची आजवर पुरेशी चौकशी केलेली असते, दाराची चौकट धरून शिकवायला लागतात.

दूध उकळलेलंच हवं. पिशवीचं पाश्चराइज्ड असतं म्हणून न उकळता विरजलं, तर दही ढिलं लागतं. उकळताना निवळीतली, म्हणजे दुधाच्या पाण्यातली प्रथिनं केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, म्हणून जाळं घट्ट बसतं. मग निवू द्यायचं. किती? स्वच्छ करंगळी बुडवून दहा आकडे शांतपणे मोजता आले पाहिजेत. थर्मामीटरवर ते चाळीसच्या आसपास भरतं. त्याहून फार गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात, अगदी गार असेल तर नुसते पडून राहतात. अर्ध्या लिटरला उन्हाळ्यात एक चहाचा चमचा, थंडीत दोन. लवकर लागावं म्हणून चार घातले तर लवकर लागतं खरं, पण आंबट, वर पाणी सुटलेलं. विरजण आधी वाटीत चमचाभर दुधात फेटून घ्यावं आणि मग मोठ्या भांड्यात ढवळावं. नुसतं टाकलं तर ते तळाशी बसतं आणि वर दूधच राहतं. आणि एकदा झाकलं की हात लावायचा नाही. ‘लागलं का?’ म्हणून दर तासाला भांडं हलवून बघणाऱ्यांच्या घरी कवडी दही कधी होत नाही. मुंबईच्या मे महिन्यात चार-पाच तास पुरतात. पुण्याच्या डिसेंबरात मात्र रात्रभर पिठाच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून ठेवावं लागतं. सगळं नीट करूनही लागलं नाही, तर दोष हाताचा नसेलही. कासदाह, म्हणजे कासेला सूज झालेल्या गाईला दिलेलं प्रतिजैविक दुधात उतरलं असेल, तर ते विरजणाचेही जिवाणू मारतं.

पोरं मान डोलावतात. पुढच्या आठवड्यात तार सुटलेलं दही दाखवायला तोच पुन्हा येतो, आणि आता त्याला नावाने हाक मारली जाते.

महिन्याभरात या दह्याचं मूळ कुणाचं, हे सांगणं अशक्य होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या खानबाईंनी रायत्यासाठी लावलेलं, तेच जोशीकाकूंच्या श्रीखंडाच्या चक्क्यात. कोण शाकाहारी, कोण नाही, हे विरजण विचारत नाही. तुर्की भाषेत विरजणाला ‘माया’ म्हणतात. आपल्या मायेशी त्याचं नातं जोडायचा मोह आवरावा, पण लक्षात ठेवायला शब्द बरा आहे.

नियम असतातच. दिवेलागणीनंतर काही घरांतून दही बाहेर जात नाही. शुक्रवारी संतोषी मातेचं व्रत असेल, तर आंबटाला हातच लावायचा नसतो. हे समजून घेऊन माणसं साडेतीनलाच येतात, गुरुवारी येतात.

पण दह्याचं इतकं कौतुक करताना महाड आठवतं. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या बरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, १०८ घागरी आणून, शेण, गोमूत्र, दूध आणि दही वापरून. तेच दही. त्यात जिवाणूही तेच असणार.

इमारतीतसुद्धा विरजण जिन्याने खाली सहज उतरतं. कामाला येणाऱ्या मावशी डबीत घेऊन जातात, त्यात कुणाला काही वाटत नाही. वर चढताना मात्र त्याला दम लागतो. मावशींच्या घरचं विरजण मागायचं कुणाला सुचत नाही. सुचलं तरी ‘कशाला उगाच’ म्हणून पाकिटातलं दही आणलं जातं.

फक्त जूनच्या पहिल्या आठवड्यात पंचाईत होते. अख्खी इमारत गावाहून एकदमच परतलेली, सगळ्यांचे फ्रिज धुऊन उघडे टाकलेले, कोपऱ्यावरचं दुकान दुपारचं बंद. दही फक्त पंपाच्या खोलीशेजारी, वॉचमनच्या घरात, कारण ते कुठे गेलेले नसतात. चौथ्या मजल्यावरची छोटी वाटी तेव्हा जिना उतरून येते. वॉचमनची बायको वाटीकडे बघते, आत जाते, चमचा पूर्ण भरून घालते आणि सांगते, ‘दूध कोमट घ्या हं, ताई.’

वाटी रिकामी परत करायची नसते. वरून खाली येताना तिच्यात काय घालावं, यावर घरात दोन दिवस चर्चा चालते.