भाचीचा ऑप्शन फॉर्म

परवा रात्री साडेअकराला दाजींचा फोन, "अरे ते फॉर्मचं बघ जरा, उद्या लास्ट डेट आहे." भाचीला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीला, 96.8 पर्सेंटाइल पडलेत आणि घरात सुतक पडल्यासारखं झालंय. आमच्या आईला कळेना, सत्त्याण्णव मिळाले तर रडतायत कशाला. आता तिला कसं सांगायचं की हे मार्क नाहीत, शंभरातली किती पोरं हिच्या मागं आहेत तो आकडा आहे, पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) तीन लाख पोरं जरी धरली तरी हिच्या पुढं साडेनऊ हजार उभी आहेत, आणि सीओईपीच्या, म्हणजे पुण्यातल्या जुन्या नामी इंजिनिअरिंग कॉलेजच्या, कॉम्प्सचं (कॉम्प्युटर ब्रँचचं) दार त्याच्या कितीतरी आधीच बंद होतं, तिथं 99 च्या पुढच्या दशांशात मारामारी.

ॲडमिशनच्या या फॉर्मला कॉलेज आणि ब्रँच मिळून एक असे, पसंतीच्या क्रमानं 300 पर्यंत ऑप्शन टाकता येतात. दाजींनी एक्सेल केलेली, मागच्या तीन वर्षांचे कटऑफ, त्यात रंग भरलेले, फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा वेगळ्या. घर बांधताना एवढा हिशोब केला नव्हता माणसानं! पण गाडी अडली पहिल्याच ओळीवर: सीओईपीचं सिव्हिल, का गावाजवळच्या कॉलेजचं कॉम्प्युटर. आणि एक नंबरचं ऑप्शन लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या राउंडमधून बाहेर, म्हणून एवढी ताणाताणी. दाजी म्हणे, "टॅग पाहिजे, मोठ्या कॉलेजचं नाव, 1854 पासूनचं कॉलेज आहे." पोरगी म्हणते मला सिव्हिल नको. ताई मधल्यामधे चहा करत बसलेली.

मला विचारायचं कारण मी आयटीत. आता खरं सांगतो, मी साध्या कॉलेजचा मेकॅनिकलवाला. पास झाल्यावर पुण्यात कॉट बेसिसवर आठ महिने काढले, एका कंपनीच्या फॉर्ममध्ये कॉलेज निवडायची यादी होती, त्यात आमचं नावच नव्हतं, 'अदर' करून सबमिट केलं, उत्तर कधी आलंच नाही. तेव्हा लय शिव्या दिल्या होत्या. आणि मागच्या वर्षी आमच्याकडं फ्रेशरच्या दोन जागांना नऊशेच्या आसपास रेझ्युमे आले तेव्हा मीच एचआरला म्हणलं, अगं आधी दहा कॉलेजं लावून चाळून दे. दोन मिनिटांत काम झालं. त्या चाळणीतून मी स्वतः खाली पडलो असतो.

त्यामुळं "टॅगला काही अर्थ नसतो" हे मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. शिकवण्याचं म्हणाल तर माझे नामी कॉलेजवाले मित्रपण परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबच बघायचे. फरक आहे तो कॅम्पसवर कोण येतं आणि रूम पार्टनर काय करतोय याचा. चार वर्षं नोकरी झाली की कॉलेज कोणी विचारत नाही, हे पण खरंय, पण तोपर्यंत थांबायला घरात पैसा लागतो ना. माझ्याकडं नव्हता, त्या आठ महिन्यांत बाबांनी दोनदा उसने काढले.

हे सगळं दाजींना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे सिव्हिलच टाकू ना?" मी म्हणलं तिला विचारा. रात्री दीडपर्यंत तेच.

सकाळी भाचीचा स्क्रीनशॉट आला, फॉर्म कन्फर्म. एक नंबरला पुण्यातल्याच दुसऱ्या एका कॉलेजचं ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), जे रात्रभर कोणाच्या तोंडातच आलं नव्हतं. दाजींच्या एक्सेलमध्ये ते 41 नंबरला होतं म्हणे. दाजी अजून माझा फोन उचलत नाहीयेत.