साडेपाच तासांचा घोळ: इंदुरातून जोडताऱ्यातला पल्सार फोल्ड करताना

इंदुरात बसून मिलिसेकंद पल्सार (सेकंदात शेकडो फेरे घेणारा आणि दर फेऱ्याला रेडिओ पल्स पाठवणारा मृत तारा) बघायचा तर दुर्बीण लागत नाही, डिस्क लागते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा राखीव मुदत संपली की मागवता येतो, त्यासाठी तिथे जावं लागत नाही. फोल्ड करायला, म्हणजे फेऱ्याच्या आवर्तकाळाप्रमाणे डेटाचे तुकडे एकावर एक रचून क्षीण पल्स उठवायला, मी घेतला जे१९०९-३७४४. स्वतःभोवती फेरा २.९५ मिलिसेकंदांत, साथीला श्वेत बटू, कक्षा ३६.८ तासांची आणि जवळपास गोल, डीएम (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेचा संकेत किती उशिरा पोचतो त्याचं माप) १०.३९. अर्ज, डाउनलोड, लिनक्सवर प्रेस्टो हे पल्सारचं सॉफ्टवेअर बसवणं, हे सगळं होतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. जागेचा हिशोब तेवढा आधी करा: १०२४ चॅनेल (वारंवारतेचे तुकडे), दर ८१.९२ मायक्रोसेकंदांना एक नोंद, १६ बिट म्हणजे सेकंदाला २५ एमबी, अर्ध्या तासाचे ४५ जीबी.

गाडी अडते ती हेडरपाशी, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीपाशी. कच्च्या फाइलमध्ये नुसते आकडे असतात. सुरुवातीची वेळ शेजारच्या छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये, आणि ती भारतीय प्रमाणवेळेत. त्यातून प्रेस्टोला चालणारी फिल्टरबँक फाइल बनवताना मात्र यूटीसीतली (जागतिक वेळेतली) एमजेडी, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीचा आकडा, भरायची असते. साडेपाच तास वजा करायचे, इतकंच. पण हा तारा जुलैच्या सुरुवातीला रात्री एकच्या आसपास याम्योत्तरावर (आकाशात सर्वांत उंच) येतो, त्यामुळे पावसाळ्यातली निरीक्षणं नेमकी तारीख बदलण्याच्या वेळेवर पडतात. (ढगांची चिंता नको, रेडिओला ते आड येत नाहीत.)

समजा फाइलमध्ये ९ जुलै २०२३, रात्री १:१२ आहे. यूटीसी झालं ८ जुलै, १९:४२. एमजेडी ६०१३३.८२०८३. वजाबाकी न करता भरलं तर ६०१३४.०५, आणि तास वजा करून तारीख तशीच ठेवली तर ६०१३४.८२०८३. तिन्ही आकडे दिसायला सारखेच सज्जन. सॉफ्टवेअर तिन्ही निमूटपणे घेतं, एकदाही कुरकुर करत नाही, आणि मला राग येतो तो याचाच.

साडेपाच तासांची चूक म्हणजे कक्षेत ५४ अंशांची चूक. एका दिवसाची म्हणजे २३५ अंशांची. पार फाइल (पल्सारच्या फेऱ्याचे आणि कक्षेचे आकडे असलेली) कितीही अचूक असो, ती भलत्याच जागेवरचा वेग आणि त्वरण वापरते. कक्षेतला वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ०.००९ टक्के. वेगातली चूक आवर्तकाळ थोडा मागेपुढे करून झाकली जाते. त्वरणातली झाकली जात नाही. त्वरण पूर्ण सोडून दिलं तर अर्ध्या तासात पल्स दोन फेऱ्यांहून जास्त सरकू शकते, आणि चुकीच्या कक्षास्थानावर तितकाच गोंधळ होऊ शकतो. म्हणून वेळ विरुद्ध फेज (पल्सची फेऱ्यातली जागा) हा आलेख आधी बघा. तिरकी सरळ रेघ असेल तर आवर्तकाळ चुकला. रेघ धनुष्यासारखी वाकली असेल तर थेट एमजेडीवर संशय घ्या, डीएमशी खेळत बसू नका.

"आधी एखाद्या तेजस्वी पल्सारवर चाचणी करा" हा सल्ला सगळे देतात. बी०३२९+५४ वर केली तर तो चुकीच्या वेळेनंही झकास दिसतो, कारण तो एकटा आहे आणि फेरा ०.७१ सेकंदाचा. या चाचणीतून चॅनेलचा क्रम उलटा आहे का एवढं मात्र नक्की कळतं. तो क्रम उलटा असेल तर डीएमची दुरुस्ती उलट्या दिशेनं होते आणि मिलिसेकंद पल्सार कधीच सापडत नाही. ३०० ते ५०० मेगाहर्ट्झमध्ये जे१९०९ ची पल्स सुमारे ०.३१ सेकंद पसरते, म्हणजे शंभराहून जास्त फेरे.

हेडरमधला दुर्बिणीचा क्रमांकही बघा. जीएमआरटीचा ७. तिथे ० राहिला तर पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती भरवशाची राहत नाही.

हे खरं तर वर सांगायला हवं होतं: डेटा निवडतानाच कोहेरंट डीडिस्पर्शन केलेला, म्हणजे चॅनेलच्या आतलाही डीएमचा उशीर आधीच काढलेला, निवडा. साध्या १०२४ चॅनेलच्या डेटात ३०० मेगाहर्ट्झपाशी एका चॅनेलच्या आतच ०.६२ मिलिसेकंदाचा फराटा उरतो, फेऱ्याचा पाचवा हिस्सा. तो नंतर कशानंच निघत नाही. ५०० पाशी हाच फराटा ०.१३ वर येतो, म्हणून साधाच डेटा हाती असेल तर बँडचा वरचा अर्धा भाग वेगळा फोल्ड करा.

एमजेडी एक्सेलमध्ये काढू नका. तिथे एकूण १५ अंक टिकतात, पाच पूर्णांकात गेले की दशांशात दहा उरतात, म्हणजे ८ ते ९ मायक्रोसेकंदांची बारीकी. फोल्डला तेवढं चालतं, पल्स पोचण्याच्या वेळा मोजताना चालत नाही. पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे ठेवा.

वेळा मोजायला लागलात की पार फाइलमधली एककांची ओळ वाचा, टीडीबी की टीसीबी, या सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याच्या वेळेच्या दोन पद्धती. दोन्हींत दहा कोटी सेकंदांमागे सुमारे दीड सेकंदाचा फरक आहे. अर्ध्या तासाच्या फोल्डमध्ये तो दिसतही नाही. दहा वर्षं जुन्या पार फाइलनं मात्र जवळजवळ पाच सेकंदांचा होतो. फोल्ड चालू करून पोहे-जलेबी खाऊन या, पण ही ओळ त्याआधी तपासा.