गोधड्यांची वेबसाइट, एक बारीक स्टार आणि माझे १२,७३० रुपये – माझा अनुभव

आज लिहूनच टाकते. गेले तीन महिने कोणी ना कोणी विचारतंय, ताई वेबसाइट कशी केली, कोणता प्लॅन घेतला, आणि प्रत्येकीला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करून कंटाळा आला. शिवाय अजून राग गेलेला नाही.

आम्ही वाईजवळ राहतो. मी, सासूबाई आणि गल्लीतल्या चार काकू मिळून गोधड्या शिवतो, जुन्या सुती साड्यांच्या, पूर्ण हातशिलाई, धावदोरा. मशीन लावत नाही. डबल गोधडी २,८०० ला जाते, बाळाचं दुपटं ७५० ला. महिन्याला मोठ्या गोधड्या पाचच होतात, हाताला मर्यादा आहे. आतापर्यंत सगळं इन्स्टावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं, फोटो टाकायचा, गिऱ्हाईक विचारणार, मी क्यूआर पाठवणार, मग पत्ता, मग "ताई पोचली का" चे मेसेज. मागच्या डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रेत ओळखीच्या बचत गटाच्या स्टॉलवर बसले होते, तिथे निम्म्या बायकांनी विचारलं वेबसाइट आहे का. नाही म्हणताना बरं वाटेना. म्हणून जानेवारीत ठरवलं.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामी, वेबसाइट बिल्डर घे, कोडिंग काही लागत नाही, फोटो ओढून टाकायचे फक्त." ते खरंच आहे. वेबसाइट बनवायला मला दोन दुपारी लागल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फोटो सकाळच्या उन्हात अंगणात काढा, टाके दिसतात, एवढंच.

अडकले ते प्लॅनवर.

एका मोठ्या परदेशी कंपनीचा बिल्डर घेतला, नाव लिहीत नाही. फ्री प्लॅनवर त्यांची जाहिरातीची पट्टी येते आणि आपलं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेबसाइटचा पत्ता, जोडता येत नाही, म्हणून तो सोडला. मग तीन पैशांचे प्लॅन होते. खालचा नुसता माहितीपुरता, मधला महिना ८९९, वरचा महिना १,४९९. मधल्यावर "सगळ्यात लोकप्रिय" असं लिहिलेलं. समोर बरोबरच्या खुणांची लांब रांग, अनलिमिटेड प्रॉडक्ट, एक वर्ष डोमेन फ्री, ऑनलाइन पेमेंट स्वीकारा, सगळ्याला खूण. मला वाटलं ८९९ म्हणजे महिन्याला ८९९ भरायचे, नाही जमलं तर बंद करू. पैसे भरायच्या पानावर गेल्यावर कळलं की तो दर वर्षाचे एकदम भरले तरच आहे. ८९९ गुणिले १२ म्हणजे १०,७८८, त्यावर १८ टक्के जीएसटी १,९४२, एकूण १२,७३०. इथेच थांबायला हवं होतं. पण वेबसाइट तयार होती, काकूंना दाखवून झालं होतं, सासूबाई म्हणाल्या घेऊन टाक, आणि मी कार्डचा ओटीपी टाकला. तो शुक्रवार होता.

पुढच्या बुधवारी भाचीने पुण्यातून पहिली ऑर्डर टाकून बघितली, दुपट्याची. तिचा फोन आला, "मामी, पैसे कुठे भरायचे? फक्त मॅन्युअल पेमेंट दिसतंय." मला वाटलं तिचं काहीतरी चुकतंय. मग सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर पेमेंटच्या पानावर ओळ होती की ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही. परत प्लॅनच्या तक्त्यावर गेले. "ऑनलाइन पेमेंट स्वीकारा" च्या शेवटी एक स्टार होता, इतका बारीक की मोबाइलवर दोन बोटांनी मोठं केल्याशिवाय दिसत नाही. त्या स्टारचा अर्थ पानाच्या अगदी तळाला, राखाडी अक्षरात: कंपनीची स्वतःची पेमेंट सेवा ठरावीक देशांत, बाहेरचा गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी, जोडायचा तर वरचा प्लॅन. आणि बाहेरचा गेटवे जोडला की प्रत्येक विक्रीवर २ टक्के कंपनीचे वेगळे. म्हणजे भारतातल्या माणसाला मधल्या प्लॅनवर पैसे घेताच येत नाहीत, तरी तो प्लॅन भारतात रुपयांत दर लावून विकतात, खूण मारून विकतात. पानावर दर रुपयांत दाखवता म्हणजे तुम्हाला माहिती आहे ना मी कुठून बघतेय ते! मग ती ओळ खुणेच्या शेजारी का नाही?

त्या रात्री मला झोप आली नाही. १२,७३० म्हणजे आमच्याकडे जवळजवळ चौदा गोधड्यांची शिलाई आहे, एका गोधडीला काकूंना ९०० देते मी. ते पैसे माझे एकटीचे नव्हतेच.

चौदा दिवसांत पैसे परत असं त्यांच्या पानावर लिहिलं होतं, आणि मी सहाव्या दिवशी होते, म्हणून वाटलं सोपं आहे. आधी चॅट. चॅटवर बॉट. "रिफंड" टाइप केलं की तो प्लॅन अपग्रेड कसा करायचा त्याचे लेख दाखवायचा. माणसाशी बोलायचं बटण रात्री साडेनऊनंतरच चालू व्हायचं. रात्री दहाला माणूस मिळाला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला वरचा प्लॅन घ्या, फरकाचे फक्त ८,४९६ भरा. मी म्हटलं मला नको, पैसे परत हवेत. तो म्हणाला मग तिकीट करा, म्हणजे लेखी तक्रार नोंदवा. तिकीट केलं, रात्री अकरा वाजता, तारखेसकट नंबर आला. नवव्या दिवशी ठरलेल्या साच्यातलं उत्तर, तुमचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा आहे वगैरे. बाराव्या दिवशी वरच्या टीमकडे पाठवलंय. पंधराव्या दिवशी सकाळी मेल: मुदत संपल्यामुळे रिफंड देता येत नाही.

मी ती मेल चुलीपाशी उभी राहून वाचली आणि दूध उतू गेलं तरी कळलं नाही. तिकीट सहाव्या दिवशी केलेलं, वेळ त्यांनी घालवली, आणि मुदत माझी संपली!

हे म्हणाले जाऊ दे, पुढच्या वेळी बघू. मी नाही जाऊ दिलं. भाच्याला बसवलं आणि एक मेल लिहिली, साधी, रागाचा एकही शब्द नाही. पहिल्या ओळीत खरेदीची तारीख, दुसऱ्या ओळीत तिकिटाची तारीख आणि नंबर, तिसऱ्या ओळीत मी १४ दिवसांच्या आत मागणी केली आहे. खाली चार स्क्रीनशॉट: तक्ता, तो स्टार मोठा करून, तळाची राखाडी ओळ, आणि चॅट. भाच्याने एक ओळ जोडली, ती मला माहीतच नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, १३ प्रकार दिलेत त्यात, ड्रिप प्रायसिंग (खरी किंमत शेवटी उघड करणं), सबस्क्रिप्शन ट्रॅप (वर्गणीतून बाहेर पडणं अवघड करणं) असे, आणि भारतात माल किंवा सेवा विकणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ती लागू आहेत. तेवढं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की सात दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करेन. तो नंबर मला लावावा लागला नाही. चौथ्या दिवशी वेगळ्याच माणसाची मेल आली, रिफंड मंजूर. "फ्री" डोमेनचे ९९९ अधिक जीएसटी, १,१७९ कापून ११,५५१ परत. डोमेन फ्री कसलं, प्लॅन सोडला की त्याची किंमत वसूल करतात, पण निदान डोमेन माझ्याकडे राहिलं. बँकेत यायला आणखी आठ दिवस. मेसेज आला तेव्हा मी काकूंच्या ओट्यावर होते, सगळ्यांना वाचून दाखवला. इंग्रजीत भांडून पैसे परत आणले याचा मला अजून अभिमान वाटतो, खरंच सांगते.

म्हणून पहिलं सांगणं हे की वर्षाचे पैसे भरण्याआधी ट्रायलमध्येच एक रुपयाचं प्रॉडक्ट टाकून स्वतः पैसे भरून बघा. ट्रायलमध्ये पेमेंटचं पान उघडत नसेल तर चॅटवर विचारा, भारतातून, या प्लॅनवर, कोणता गेटवे जोडता येतो, आणि त्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

त्यानंतर मी वही घेऊन बसले. महिन्याचा दर बघायचाच नाही असं ठरवलं, एका गोधडीमागे किती जातात ते बघायचं. तोच वरचा प्लॅन घेतला असता तर वर्षाचे १७,९८८, जीएसटी धरून २१,२२६. वर्षाच्या गोधड्या साठ. म्हणजे गोधडीमागे ३५४. त्यात कंपनीचे २ टक्के, २,८०० वर ५६ आणि त्यावर जीएसटी, झाले ६६. गेटवेचेही २ टक्के अधिक जीएसटी, आणखी ६६. एकूण ४८६ रुपये एका गोधडीमागे! शिलाईच्या निम्म्याहून जास्त. आता जो घेतलाय तो भारतातल्या कंपनीचा आहे, महिन्याला ५९९, जीएसटीसकट ७०७, पाच गोधड्यांवर वाटले तर १४१, गेटवेचे ६६, विक्रीवर टक्के नाहीत. २०७ मध्ये काम होतं. वर्षाचा घेतला तर स्वस्त पडेल पण मी महिन्यानेच भरतेय, आषाढ-श्रावणात विक्री किती पडते ते बघून मग ठरवीन.

जीएसटी मी प्रत्येक ठिकाणी धरलाय कारण आपली नोंदणी नाही, तो १८ टक्के आपल्याला कुठे वजा मिळत नाही, तो खर्चच. ज्यांची नोंदणी आहे त्यांचा हिशोब वेगळा येईल. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा तर नोंदणीचा प्रश्न येतो, हस्तकलेच्या वस्तूंना त्यात सवलत आहे पण यादी आणि अटी आहेत, तेव्हा आपली वस्तू बसते का ते सीएला विचारूनच बेंगळुरूची ऑर्डर घ्या. मी विचारून घेतली.

गेटवेच्या केवायसीला पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक आणि उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, लागलं. उद्यम सरकारच्या साइटवर पूर्ण फुकट आहे, गूगलवर वर दिसणाऱ्या भलत्याच साइटवर पैसे भरू नका, आमच्या इथल्या एका ताईंनी भरले. वेबसाइटवर रिफंड, शिपिंग, प्रायव्हसी, अटी आणि संपर्क ही पानं आधी पाहिजेत, नाहीतर गेटवे परत पाठवतो. माझं चार दिवसांत झालं.

शिपिंगचं राहिलंच. स्वस्त प्लॅनमध्ये प्रॉडक्टला एकच ठरलेला शिपिंग दर लावता येतो, वजनाप्रमाणे दर वरच्या प्लॅनमध्ये असतो. दागिने, पणत्या, क्रोशाचं काम असेल तर चालून जातं. गोधडीला नाही चालत, कारण कुरिअरवाले आकारावरून वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००. आमची गोधडी अडीच किलो, पण ४५ बाय ३५ बाय २० च्या खोक्यात घातली की ६.३ किलोचे पैसे. पहिल्या ऑर्डरला मी १५० रुपये शिपिंग घेतलं आणि पदरचे घातले. आता घट्ट गुंडाळी करून सुतळीने बांधून ४० बाय ३० बाय १५ मध्ये बसवतो, ३.६ येतं. त्यासाठी मी प्लॅन वाढवला नाही, दोन प्रॉडक्टचे दोन वेगळे शिपिंग दर लावता येतात तेवढ्यात भागवलं. तुमचा माल फुगीर असेल, उशा, दुलया, लोकरीची खेळणी, तर हे आधी तपासा.

आणि ज्यांची महिन्याला दोन-तीनच ऑर्डर असेल त्यांनी प्लॅन घेऊच नये असं माझं मत. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, बँकेच्या यूपीआय क्यूआरवर पैसे घेतले तर काही कापत नाहीत. मी जुन्या गिऱ्हाइकांकडून अजून तसेच घेते. गेटवेमधून यूपीआयने आले तरी गेटवे आपली फी लावू शकतो, ते रेटकार्डावर वेगळं बघा.

प्लॅन चालू केल्या केल्या ऑटो-रिन्यू, म्हणजे पुढच्या मुदतीचे पैसे आपोआप कापणं, बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १५,००० च्या वरची रक्कम दरवेळी ओटीपीशिवाय कार्डावरून कटत नाही, पण आपले प्लॅन बहुतेक त्याच्या खालीच असतात आणि ते कटतात. २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो तो वाचत जा.

डोमेन प्लॅनबरोबर फुकट मिळालं तरी घेऊ नका, वेगळं विकत घ्या, डॉट इनचं परवडतं. पहिल्या वर्षाचा दर बघू नका, रिन्यूअलचा बघा. माझं जुन्या कंपनीकडून इकडे आणायचंय अजून, साठ दिवस डोमेन हलवता येत नाही असा लॉक होता तो आत्ता संपलाय, उद्या रात्री साडेनऊनंतर परत त्या चॅटवर बसायचंय डोमेन हलवायचा कोड मागायला. स्क्रीनशॉटचं फोल्डर तयार आहे.