तीन महिन्यांनी येणारा पगार

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतला मोठा हिस्सा मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवला. एप्रिल 2023 पासून तिच्यातील गुंतवणुकीची मर्यादा 15 लाखांवरून 30 लाखांवर गेली आहे आणि खाते उघडतानाचा व्याजदर पाच वर्षे तसाच राहतो, ही माझ्या मते तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. 8.2 टक्के दराने 30 लाखांवर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये पडतात. मात्र न काढलेल्या व्याजावर पुन्हा व्याज मिळत नाही. म्हणून ते परस्पर बचत खात्यात जमा होईल अशी सोय केली असून, त्या पैशांतून किराणा, वीजबिल आणि औषधांच्या खर्चाची वेगवेगळी पाकिटे आमच्या सौभाग्यवती करतात (नातवंडांच्या पाकिटावरून मात्र दरवेळी वाद होतो). महागाई वाढली तरी हा आकडा वाढत नाही, त्यामुळे थोडी रक्कम निर्देशांक फंडातही (शेअर बाजाराच्या निर्देशांकातील शेअर्समध्ये पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड) ठेवली आहे.