पिवळ्या लेबलावरचा अंक

डेन्व्हरच्या पश्चिमेला जिथे रॉकी पर्वताचा चढ सुरू होतो, तिथल्या एका गॅरेजमध्ये मी इंजिनांच्या दोषनिदानाचे काम करतो. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या पिकअपच्या मागे काही ना काही जोडलेले असते. कुणाची बोट, कुणाचा कॅम्पर, कुणाचा घोड्यांचा ट्रेलर. ऑगस्टमध्ये एका सकाळी घोडे सांभाळणाऱ्या एक बाई टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या, सहा सिलिंडरांच्या व्ही-6 इंजिनाची फोर्ड एफ-150 पिकअप घेऊन आल्या. आय-70 महामार्गावर ट्रेलर ओढताना चढ लागला की इंजिनातून बारीक खडखड ऐकू येते आणि गाडीची ताकद गळते, अशी त्यांची तक्रार होती. आधीच्या गॅरेजने इंधन पेटवणारी ठिणगी पाडणारे सहाही स्पार्क प्लग आणि त्यांना वीज देणाऱ्या इग्निशन कॉइल बदलून दिल्या होत्या, तरी खडखड तशीच राहिली होती, आणि आता टर्बो बदलण्याच्या खर्चाचा कागद त्यांच्या हातात होता.

रिकाम्या गाडीत दोष दिसणार नाही हे उघड होते. घोड्यांना चाचणीसाठी घाटात नेणे मला पटणारे नव्हते, म्हणून त्यांना विनंती करून ट्रेलरमध्ये गवताच्या गासड्या आणि पाण्याने भरलेली पिंपे ठेवायला सांगितले. गोल्डनहून वर निघालो तेव्हा बाई चालवत होत्या आणि माझ्या मांडीवर गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्कॅनर होता. चढ लागताच बूस्टचा, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा, दाब वाढला आणि त्याबरोबर इग्निशन टायमिंगचा, म्हणजे ठिणगी किती आधी पडते त्याचा, आकडा खाली घसरू लागला. ठिणगी जिथे पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या बारा-तेरा अंश आधी पडायला हवी, तिथे ती पाच अंशांवर आली, मग तीनवर, आणि तरीही खडखड टिपणारा नॉक सेन्सर इशारा द्यायचा थांबत नव्हता. सहाही सिलिंडरांची गत एकच होती. कॉइल किंवा प्लग खराब असता तर एखादाच सिलिंडर वेगळा पडला असता. सगळेच एकाच वेळी तक्रार करतात तेव्हा सगळ्यांना मिळणाऱ्या गोष्टीकडे, म्हणजे हवेकडे आणि इंधनाकडे, पाहावे लागते. हवेच्या बाजूला, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, नळ्या आणि सेन्सर यांत, दोष सापडला नाही.

मी विचारले, “पेट्रोल कोणते भरता?” त्या म्हणाल्या, “रेग्युलर. नेहमी रेग्युलरच.” म्हणजे पंपावरचे सर्वांत स्वस्त. पावतीवरही तेवढेच छापलेले होते. म्हणून परतताना त्यांच्या नेहमीच्या पंपावर थांबलो. अमेरिकेत प्रत्येक नळीजवळ पिवळ्या लेबलावर काळ्या अक्षरांत ऑक्टेनचा, म्हणजे इंधन अकाली पेटायला किती विरोध करते त्याचा, अंक लावणे बंधनकारक आहे. तिथे तीन लेबले होती: 85, 87 आणि 91. रेग्युलर म्हणून विकले जात होते ते 85. मग मी त्यांच्या गाडीचे मालकपुस्तक उघडून दाखवले. त्यात 87 हा किमान अंक दिलेला आहे, उंच प्रदेशांत रेग्युलर म्हणून मिळणारे त्याहून कमी अंकाचे इंधन वापरू नये असे बजावले आहे, आणि ट्रेलर ओढताना किंवा कडक उन्हात 91 वा त्यापुढचे इंधन चांगले, असेही म्हटले आहे.

हे 85 कुठून आले, याला कारण आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 5280 फुटांवर आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण 83 टक्के असतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनांत या विरळ हवेमुळे सिलिंडरात दाब कमी पडत असे, इंधन आपोआप पेटण्याचा धोका कमी होत असे, आणि कमी ऑक्टेनवर भागत असे. टर्बोच्या इंजिनाला ही सवलत मिळत नाही. टर्बो हवा दाबून सिलिंडरात भरतो, त्यामुळे बाहेरची हवा विरळ असली तरी आत दाब जवळपास तेवढाच राहतो. उलट विरळ हवा दाबताना ती जास्त तापते. तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाचा शेवटचा भाग ज्वाळा पोहोचण्याआधीच एकदम पेटतो, आणि पिस्टनवर बसणारे ते धक्के म्हणजेच ती खडखड. ऑक्टेन म्हणजे याच अकाली पेटण्याला होणाऱ्या विरोधाचे माप आहे. त्यात जास्त ऊर्जा असते असे नाही. (भारतातल्या वाचकांसाठी सांगतो: भारतातल्या पद्धतीने मोजलेले 91 आणि अमेरिकेतले 87 ही साधारण एकाच प्रतीची पेट्रोले आहेत, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.)

टाकी जवळपास रिकामी होईपर्यंत त्यांना ट्रेलरशिवाय गाडी चालवायला सांगितली, मग 91 भरून घेतले. गाडीचा संगणक आधीच्या इंधनावरून शिकलेला असतो, त्यामुळे त्याला नव्या इंधनाशी जुळवून घ्यायला थोडे अंतर द्यावे लागते. तेवढे दिल्यावर त्याच पिंपांसह आणि गासड्यांसह तोच चढ पुन्हा चढलो. टायमिंग अकरा अंशांच्या आसपास स्थिर राहिले आणि इंजिनातून फक्त ओढण्याचा घनगंभीर आवाज येत होता. टर्बोला हात लावावा लागला नाही. बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ त्या स्कॅनरचा आलेख पाहत राहिल्या. आपण घोड्यांसाठी दाणा पोत्यावरचे प्रमाण वाचून घेतो, पण गाडीसाठी नुसते नाव वाचत होतो, असे त्या म्हणाल्या.

मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट त्यानंतर कळली. त्यांच्या घरी टर्बो नसलेली, 5.3 लिटर व्ही-8 इंजिनाची जुनी सिल्व्हरॅडो आहे आणि त्यांचे यजमान तिची काळजी घ्यायची म्हणून तिच्यात कायम 91 भरत होते. त्या इंजिनाला 87 पुरते. जास्त अंकाने त्याची ताकदही वाढत नाही आणि आयुष्यही वाढत नाही. म्हणजे ज्या गाडीला महागडे इंधन लागत नव्हते तिला ते मिळत होते, आणि जिला चढावर लागत होते तिला सर्वांत स्वस्त. बाईंना मी हेही सांगितले की हा नियम सगळ्या पिकअपना सारखा नसतो: रॅमच्या 5.7 लिटर हेमी इंजिनाला 89 सुचवलेले असते, जनरल मोटर्सच्या 6.2 लिटर व्ही-8 ला प्रीमियम, म्हणजे पंपावरचे सर्वांत वरच्या अंकाचे.

टाकीतले पेट्रोल मिसळते, हेही लक्षात ठेवावे लागते. अर्धी टाकी 85 असताना वरून 91 भरले तर मिश्रण साधारण 88 चे होते, घाटाला हवे ते मिळत नाही. म्हणून रोजच्या कामाला 87, आणि ट्रेलर घेऊन आयझेनहॉवर बोगद्याकडे, म्हणजे 11000 फुटांच्या वर जायचे असेल, तर आधी टाकी पाव भागाखाली आणून मग 91 भरायचे, असे आम्ही ठरवले. आमच्या गॅरेजच्या तक्रारीच्या फॉर्मवर मालकांनी त्याच आठवड्यात एक रकाना वाढवला: “शेवटचे इंधन कोणत्या अंकाचे?” आता फॉर्म भरताना निम्म्याहून अधिक ग्राहक तिथे थांबतात आणि पंपावर पाहून येतो म्हणतात.