चॉटनचं घर, 1:48 : बुजवलेली खिडकी बसली

रस्त्याकडची भिंत एकदाची उभी राहिली. मागच्या नोंदीत फक्त सनबोर्डाचे (फोमचा हलका बोर्ड) कापलेले तुकडे होते, त्यामुळे नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडात हॅम्पशायरमधल्या चॉटन गावातलं कादंबरीकार जेन ऑस्टिनचं घर आहे, त्याचं 1:48 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं मॉडेल करतोय. 17व्या शतकातलं, लाल विटांचं, मुळात शेतकऱ्याचं घर. पुढे तिथे सराई होती, मग इस्टेटीचा कारभारी राहायचा. 1809 मध्ये जेनच्या भावाने, एडवर्डने ते आपली आई आणि कॅसँड्रा, जेन या बहिणींना राहायला दिलं. आज ते ग्रेड वन संरक्षित आहे, म्हणजे तिकडच्या यादीतला सगळ्यात वरचा दर्जा.

कादंबऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही. मला त्या घरात रस आहे तो एका खिडकीमुळे. बैठकीच्या खोलीची मोठी खिडकी थेट रस्त्यावर उघडायची आणि घोडागाड्या अगदी भिंतीला लागून जायच्या. एडवर्डने ती बुजवली, आतून तिथे पुस्तकांचं कपाट केलं आणि बागेच्या बाजूला टोकदार कमानीची, गॉथिक धाटणीची नवी खिडकी काढून दिली. इंग्लंडात बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच खिडकीकराचं नाव घेतात. तो कर होताच, 1696 ते 1851 पर्यंत. पण इथे कारण अगदी घरगुती होतं : येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा नकोत.

आता गंमत बघा. संरक्षित इमारतीत असा बदल करायचा तर आज आधी रीतसर परवानगी काढावी लागते, आतल्या कामालासुद्धा. एडवर्डला आज हे सहजासहजी करता आलं नसतं. आणि त्याने केलेलं ठिगळ मात्र आता कायद्याच्या संरक्षणात आहे! म्हणून ‘मूळ घर कसं असेल’ याची कल्पना करून मॉडेल करायचं नाही, आज उभं आहे तसंच ठिगळासकट करायचं, हे पहिल्यापासून पक्कं होतं.

साउदम्प्टनला राहणाऱ्या मामेबहिणीला फोटो काढायला पाठवलं. तिने जेनच्या लिहायच्या बारा कोनांच्या छोट्या टेबलाचे ढीगभर फोटो पाठवले. “अगं, टेबल नको, भिंत हवी!” म्हटल्यावर “दादा, लोक माझ्याकडे बघायला लागले रे,” असं म्हणत का होईना, भिंतीला जवळजवळ गाल लावून तिरक्या उन्हात काढलेले फोटो आले. तेच उपयोगी पडले. समोरून काढलेल्या फोटोत दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, दिसतच नाहीत.

आता काम. विटेचा एक थर दर्जासकट साधारण 70 मिलिमीटर धरला. 1:48 मध्ये तो दीड मिलिमीटरही भरत नाही. एकेक थर मोजत वर गेलं की छपरापर्यंत पोचेपर्यंत चूक साठत जाते, म्हणून दर चार थरांना, म्हणजे 5.8 मिलिमीटरला पेन्सिलची रेघ मारली आणि मधले तीन थर नजरेने भरले. ओरखडायला रिकाम्या रिफिलचं बॉलपेन. सुईने सनबोर्डाची कड फाटते, बॉलपेन नुसतं दाबत जातं.

ठिगळासाठी खिडकीएवढा तुकडा वेगळा कापून, त्यावर वेगळे थर ओढून मग बसवला. चांगला गवंडी जुन्या भिंतीत नवी वीट गुंतवतो, सांधमोड करतो, म्हणजे उभे सांधे एका रेषेत येऊ देत नाही. खिडकी बुजवताना बहुतेक वेळा तेवढा खटाटोप कोणी करत नाही, आणि दोन्ही बाजूंना सरळ उभा सांधा राहतो. जुनी विटेची भिंत वाचायची तर आधी ही उभी रेघ शोधावी. माझ्या तुकड्याच्या कडा मी पॉलिश पेपरने अगदी किंचित मोडल्या, तेवढ्यानेच ती रेघ सावलीत उठून दिसते. फेविकॉल मात्र मागूनच लावायचं, पुढे आलं की दर्जा बुजतात.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. करड्या दर्जा दिसल्या की मॉडेल गेलं. ही घरं चुन्यात बांधलेली, त्यामुळे दर्जा फिकट, सायीकडे झुकणाऱ्या हव्यात. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. नंतर कोणी हौसेने सिमेंटने दर्जा भरल्या की ओल विटेतून वाट काढते, थंडीत ती गोठते आणि विटेचा चेहराच सुटून पडतो. म्हणून आधी सगळ्या भिंतीला सायीचा रंग दिला आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या स्पंजाने विटकरी टेकवला. खोबणीत रंग उतरत नाही. मग बारीक ब्रशने अधूनमधून एखादी वीट जांभळट केली, भट्टीत जास्त भाजलेली असते तशी. ठिगळाच्या विटा अर्धी छटा फिक्या ठेवल्यात. जास्त फरक केला तर नाटकी दिसतं.

छपराची तयारी सुरू आहे. तिकडची साधी सपाट कौलं आपल्या मंगलोरी कौलासारखी एकमेकांत अडकत नाहीत. म्हणून प्रत्येक ओळ खालच्या दोन ओळींवर चढवावी लागते, आणि छपराला चांगला उतार लागतो. कौलाचं माप साडेदहा बाय साडेसहा इंच, त्यातलं जेमतेम चार इंच उघडं राहतं. मॉडेलवर ही पट्टी दोन मिलिमीटरच्या आसपास येते. जाड ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या कापतोय. कार्डशीट वापरून बघितली, थरावर थर चढले की छप्पर गादीसारखं फुगतं.

अडलंय ते बागेकडच्या गॉथिक खिडकीपाशी. कमानीतल्या लाकडी पट्ट्या या मापात अर्ध्या मिलिमीटरच्या येतात. कागदाच्या कापल्या तर वळणावर तुटतात, तांब्याची तार वाकते पण चपटी होत नाही. कोणी लेझरने कापून घेतल्या असतील तर कुठला कागद चालला आणि कडा किती जळल्या ते सांगा.