पोटभाड्याचं दुकान घेताय? मूळ करार मागा

भाचीने नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ बेकरीची फ्रँचायझी घ्यायचं ठरवलंय. "मावशी, जागेची काळजी नाही, जागा कंपनीच देते," ती फोनवर म्हणाली. म्हटलं, मग आधी जागेचेच कागद माग.

कंपनीने मालकाकडून गाळा घ्यायचा आणि आपल्याला पोटभाड्याने द्यायचा, ही पद्धत जुनी आहे. मॅकडोनाल्ड्सने १९५६ साली त्यासाठी वेगळी कंपनीच काढली होती. फ्रँचायझी सुटली की दुकानही सुटतं, त्यामुळे पकड कंपनीची राहते. त्यात गैर काही नाही. कॉलेज रोडवरचा मोक्याचा गाळा नवख्या माणसाला कोण देतो?

पण मालक आणि कंपनीमधला वरचा, म्हणजे मूळ करार संपला की आपला खालचाही संपतो. गंगापूर रोडच्या माझ्या आईस्क्रीम पार्लरच्या वेळी कंपनीचा माणूस म्हणाला, "मूळ करार गोपनीय असतो, मॅडम." मी म्हटलं, भाड्याचे आकडे झाका, बाकीची पानं दाखवा. पानं आली. फ्रँचायझी नऊ वर्षांची आणि मूळ कराराची चारच वर्षं शिल्लक! फर्निचर, डीप फ्रीजर, थ्री फेज वीजजोडणी, सगळा खर्च माझा. कंपनीने मुदत वाढवून आणली, तेव्हाच मी सही केली.

मूळ कागद लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर जास्तच जपा. ६० महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्क ०.२५ टक्केच, म्हणून सगळे तोच करतात. पण लायसन्स ही वापरायची परवानगी. त्याने जागेत हक्क येत नाही. कंपनीकडेच हक्क नसेल तर ती तुम्हाला काय देणार? महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाशी तसं ठरलेलं नसेल तर पोटभाडं बेकायदा. भाडेकरू कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम) १ कोटी किंवा जास्त असेल, तर त्या जागेला हा कायदाच लागू नाही. तिथे मुख्य आधार कराराचा.

माझ्या पार्लरच्या गाळ्याच्या मालककाकांना मी स्वतः भेटले. त्यांच्या वडिलांचा रविवार कारंज्यावरचा गाळा पगडीत, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या बसलेल्या भाडेकरूकडे अडकलेला, त्यामुळे पोटभाडेकरू म्हटल्यावर ते बिथरलेच. शांतपणे बसून समजावलं, तेव्हा त्यांनी आणि कंपनीने मिळून एक पत्र सही करून दिलं: पोटभाड्याला संमती आहे, कंपनीने भाडं थकवलं तर काका आधी मला कळवतील आणि मी थेट त्यांना भाडं भरून दुकान चालू ठेवू शकेन. माझ्या फाइलीतला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

भाचीने अजून डिपॉझिट दिलेलं नाही, हे फार बरं झालं. ते कंपनीकडे राहणार की मालकाकडे, आणि करार मध्येच मोडला तर परत कोण देणार, हे मसुद्यात लिहून आल्याशिवाय चेक फाडायचा नाही, असं तिला बजावलंय. सोमवारी दुपारी ती मसुदा घेऊन दुकानावर येतेय.